तव्यावरची पोळी

सुनेत्रा हेडसेट विसरली नसती तर तिला हे इतक्यात कळलं नसतं, आणि बरं झालं असतं. ऑफिस हूफडॉर्प स्टेशनच्या पलीकडे, फार लांब नाही, म्हणून भर दुपारी ती सायकल दामटत घरी आली, कुंपणाला टेकवली, दार उघडलं, आणि आत मायक्रोवेव्हची घंटी वाजली. घरात तिचे बाबा एकटेच होते. विनय, तिचा नवरा, निम्मा आठवडा आइंडहोवनला चिप बनवायच्या यंत्रांपाशी असायचा आणि मुलगी हिमानी शाळेत. बाबांना मायक्रोवेव्ह लावता येतो हेच तिला नवीन होतं. मनोहर आगटे यांनी पंचाहत्तरी उलटेपर्यंत कधी गॅस पेटवल्याचं तिला आठवत नव्हतं. ती बुटांसकट आत गेली. बाबा टेबलाशी बसले होते, गळ्यात मफलर, समोर काळा प्लास्टिकचा ट्रे, वरचा पातळ कागद अर्धवट सोललेला, आत लाल-पिवळा वाफाळता लगदा. भाज्यांचा लझान्या. कडेला करपून चिकटलेलं चीज त्यांना विशेष आवडत असावं, कारण ते काढायला त्यांनी चमचा उलटा धरला होता. तिला बघून ते दचकले नाहीत आणि ओशाळलेही नाहीत. "आलीस? बरं असतं गं हे," ते म्हणाले, "आणि काही कटकट नाही."

ओट्यावर तिचा पोळ्यांचा डबा उघडा पडला होता. रिकामा. पोळ्या कुठे गेल्या हे विचारावं लागलं नाही. सालींच्या बादलीत, कांद्याच्या टरफलांवर त्या घडी घातलेल्या तशाच पडल्या होत्या आणि सकाळी अंधारात उठून लावलेलं तूप वरच्या पोळीवर अजून चमकत होतं. "गार झाल्या होत्या," बाबांनी खुलासा केला. "गार झाल्या की वातड होतात. हे कसं, गरमागरम मिळतं. आणि शाकाहारी आहे हां, हिरवं पान बघूनच आणतो मी." आणतो म्हणजे रोज आणत होते. ती ऑफिसला गेली की बाबा कोट चढवून कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटात जात होते, एकावर एक फुकटची पाटी शोधत होते, पाकिटावर पान आहे ना एवढं तपासत होते आणि दुपारचं जेवण पिशवीत घालून घरी येत होते. तिने फ्रीझरचा खालचा कप्पा ओढला. पिझ्झे, पालक-चीजचे गोळे, बटाट्याची चौकोनी कसलीतरी कटलेटं. पान सगळ्यांवर होतं. बाबांच्या हिशेबी पान असलं की अन्न पवित्र, मग आत काही का असेना. तिला पुष्कळ बोलायचं होतं. तिने हेडसेट उचलला आणि ती परत सायकलवर बसली.

समोरून वारा होता. इथे तो नेहमी समोरूनच असतो. कालव्याच्या पुलापर्यंत तिला वाटत होतं की आपल्याला राग आलाय तो बादलीतल्या पोळ्यांचा. बाबा पुण्याहून तीन महिन्यांच्या व्हिसावर येणार असं ठरलं तेव्हापासून ती एकच हिशेब मांडत होती. नोकरी सांभाळून आपण यांना दोन वेळा ताजं कसं घालणार? विनयने सांगून पाहिलं होतं, "अगं, आपण खातो तेच खातील." त्याला काय माहीत. स्वतः विनय पाकिटातला पराठा तव्यावर टाकून खुशाल खाणारा माणूस. तिने मात्र गजर लवकरचा लावला, काळोखात उठायला लागली, इंडक्शनवर न फुगणाऱ्या पोळ्यांशी झटापट करायला लागली, आणि हे सगळं करताना आपण कोणासारखे उभे आहोत, एक पाय दुसऱ्या पायावर टेकवून, हे तिच्या लक्षात येत होतं आणि ती ते लक्षात येऊ देत नव्हती. पुलावर चढ लागला. डोक्यावरून एक विमान चाकं बाहेर काढून स्किपोल विमानतळाकडे उतरत होतं. आणि तिथे पेडल मारता मारता तिला कळलं की पोळ्यांचं काही नाही, गेल्या तर गेल्या. डोक्यात गेला होता तो त्यांचा शब्द. कटकट. हा शब्द यांना कधीपासून माहीत झाला? ज्या माणसाने आयुष्यात भांडं हलवलं नाही, त्याला कसली कटकट?

पुण्यात, सहकारनगरला तिसऱ्या मजल्यावर आईचं स्वयंपाकघर होतं. आई सकाळच्या शाळेत शिकवायची. घरी आली की साडी न बदलता कणीक भिजवायला घ्यायची, कारण दुपारी बाबा बँकेतून स्कूटरवर जेवायला येत. बाबांना पोळी तव्यावरची लागे. आधी करून डब्यात ठेवलेली चालत नसे, तव्यावरून थेट ताटात, आणि ताटात पडताना ती फुगलेली हवी. आई लाटायची, भाजायची, आणि सुनेत्रा ती पोळी बोटांच्या टोकांवर झेलत टेबलापर्यंत पळायची. तेच तिचं काम होतं. वाटेत हवा गेली तर बाबा काही बोलत नसत. एका बोटाने ती पोळी ताटाच्या कडेला सरकवत. मग ती परत आत न्यायची, हेही तिचंच काम. परत आलेली, फाटलेली, करपलेली अशी प्रत्येक पोळी आई ओट्याच्या कोपऱ्यात एका ताटलीत ठेवायची आणि वर फडकं टाकायची. "आई, तू कधी बसणार?" सुनेत्रा विचारायची. "तुमचं झालं की," आई म्हणायची. सगळ्यांचं झालं की ती ओट्याला टेकून, उभ्यानेच, त्या ताटलीतल्या पोळ्या खायची. कढीत बुडवून खायची, म्हणजे चावायला लागत नसत. बाबा पेपरात डोकं घालून जेवत. त्यांना आतलं काही दिसत नसणार, दिसलं असतं तर ते नक्की काही बोलले असते, असं सुनेत्राने तेव्हाच ठरवून टाकलं होतं. त्या एका गोष्टीवर ती त्यांना आयुष्यभर माफ करत आली होती.

ऑफिसात मीटिंग सुरू झाली. कुणीतरी स्क्रीनवर आकडे दाखवत होतं. सुनेत्रा हेडसेट लावून मान हलवत होती आणि तिच्या तोंडात एक चव येत होती, खारट, पिवळी, थोडी साबणासारखी. बाबांना ऑडिटसाठी दौऱ्यावर जावं लागे, नांदेड, लातूर, कधी सोलापूर. स्कूटर जिन्याखाली उभी राहिली आणि बाबा रिक्षाने स्टँडवर गेले की आईचा चेहरा बदलायचा. "चल," ती म्हणायची. दोघी कोपऱ्यावरच्या दुकानात जायच्या आणि कापलेला पाव, टोमॅटो सॉस आणि शेवयांची ती झटपट पाकिटं घेऊन यायच्या. पातेल्यात पाणी उकळायचं, पाकीट फोडायचं, मसाल्याची पुडी दातांनी फाडायची. आई दातांनी फाडायची! एरवी सुनेत्राने बिस्किटाचा पुडा दातांनी फोडला तर ओरडणारी बाई. मग पातेलं सरळ पलंगावर, खाली पेपर, दोघींच्या हातात दोन चमचे. आई पाय लांब करून, पाठीला उशी लावून बसायची. सुनेत्राला आठवतंय त्यात आईचे पाय आडवे फक्त दोनदा दिसतात, झोपेत आणि बाबांच्या दौऱ्यात. ती फुंकर मारत खायची आणि मधेच कारण नसताना हसायची. "काय गं?" "काही नाही. किती पटकन झालं!" सगळं झाल्यावर पाकिटं पेपरात गुंडाळून, पिशवीत घालून, खालच्या चौकातल्या कचराकुंडीत टाकून यायची. घरच्या केराच्या डब्यात ती कधी जात नसत. ते अन्न काही चांगलं नव्हतं, हे सुनेत्राला आज कळतं. मैदा आणि मीठ, दुसरं काय. पण आईच्या आयुष्यातली तेवढीच दुपार तिची स्वतःची होती.

एकदा एक पाकीट राहिलं. पलंग आणि भिंत यांच्या फटीत पडलेलं, बाबांना सापडलं. त्यांनी ते दोन बोटांत धरून टेबलावर आणून ठेवलं, जेवायच्या ताटाशेजारी. "हा कचरा माझ्या घरात आला कसा?" आवाज चढलेला नव्हता. बाबांचा आवाज कधी चढत नसे, त्यांना त्याची गरजच पडत नसे. "घरात धडधाकट बाई असताना पोरीला हे खायला घालतेस?" बाबा त्या दुपारी जेवले नाहीत, रात्री नाहीत, दुसऱ्या दिवशी सकाळी चहासुद्धा घेतला नाही. शेवटी आईने माफी मागितली. कशाची मागितली, हे सुनेत्राला कळलं नाही, पण शब्द तिने ऐकले होते. त्यानंतर दौऱ्यात पाकिटं यायची थांबली. दौऱ्यातसुद्धा आई कणीक भिजवायला लागली.

आणि आता काळ्या ट्रेची कडा खरवडत, बरं असतं गं हे.

ती संध्याकाळी घरी आली ती ठरवूनच आली. पोळ्या बंद. भाजीही बंद. खा म्हणावं काय खायचं ते. दुसऱ्या दिवशी ती उजाडेपर्यंत झोपली, उठल्यावर ओट्याकडे न बघता कॉफी घेतली आणि निघून गेली. तिची अपेक्षा होती की बाबा विचारतील. आज पोळ्या नाहीत का, एवढं तरी. विचारलं असतं म्हणजे तिला जे बोलायचं होतं ते बोलता आलं असतं. बाबांनी विचारलं नाही. चार-आठ दिवस गेले, त्यांनी विचारलं नाही. त्यांच्या ते लक्षातच आलं नव्हतं. दुपारी त्यांचा ट्रे, संध्याकाळी हिमानीबरोबर पिझ्झा नाहीतर सूप, मधे चहाबरोबर काकवी भरलेली ती गोल वेफरची बिस्किटं, कपावर ठेवून मऊ केलेली. हिमानीने त्यांना ती युक्ती शिकवली होती. आजोबा-नात सोफ्यावर मांडीवर ताटल्या घेऊन बसत. "हिमानी, जरा फळं काप त्यांना," असं सुनेत्रा म्हणाली तर "रिलॅक्स, आई. ही लाइक्स इट," एवढंच उत्तर. विनयला फोनवर सांगितलं तर तो हसला. "बरं झालं की. तुझा त्रास वाचला." सुनेत्राने फोन ठेवला. नवऱ्याला कसं सांगायचं, की हा वाचलेला त्रास बघवत नाही? चाळीसहून जास्त वर्षं एका बाईने उभ्याने दिला तो, आणि आता कळतंय की तो द्यायची गरजच नव्हती. हा माणूस काहीही खाऊ शकत होता. याची जीभ आपण समजत होतो तशी नव्हतीच.

खरं तर तिला हे पुण्यातच कळायला हवं होतं. दोन वर्षांपूर्वी आई गेली. जायच्या आधी गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली होती. ती वॉकर घेऊन चालायला लागली न लागली तोच एक उंच स्टूल ओढून ओट्याशी बसली, कारण बाबा म्हणाले होते, दोन पोळ्या टाकायला कितीसा वेळ लागतो. पुढे आजार वेगळाच निघाला आणि फार थोड्या दिवसांत सगळं आटोपलं. बाराव्या-तेराव्यानंतर बाबांनी सकाळी येणारी पोळीवाली बाई लावली. सुनेत्रा तेव्हा तिथेच होती. बाई सकाळी पोळ्या करून जायची, आणि बाबा रात्री त्याच डब्यातल्या, सकाळच्या, गार पोळ्या काढून घेऊन निमूट जेवायचे. एका बोटाने कडेला सारणं नाही, काही नाही. ती समोर बसून बघत होती. तेव्हाही तिला राग आला होता, पण माणूस दुःखात आहे, असं म्हणून तिने तो गिळला. राग गिळायला ती आईकडूनच शिकली होती.

मग एका सकाळी बाबांना बूट चढेना. मोजे काढले तर घोट्याच्या वर इलॅस्टिकचा खोल वळ, आणि नडगीवर बोट दाबलं की खड्डा पडत होता आणि भरून यायला वेळ घेत होता. प्रवासी विम्यावर तिने त्यांना हाउसआर्ट्सकडे, म्हणजे वस्तीतल्या डॉक्टरकडे नेलं. रक्तदाब भलताच चढलेला. डॉक्टरने गोळ्या बदलल्या, लघवी-रक्त तपासायला दिलं आणि शेजारच्या खोलीत नर्सकडे पाठवलं. आनूक नावाची तरुण मुलगी, केसांची वेणी, बोलायला गोड. तिने इंग्रजीत विचारलं की हे दिवसभरात काय काय खातात. बाबांनी उत्साहाने सांगितलं, सुनेत्राने न सांगितलेलंही सांगितलं. "ऑल व्हेजिटेरियन," ते शेवटी म्हणाले. आनूक हसली नाही. शाकाहारी आहे हे चांगलं, पण हे सगळं कारखान्यातलं तयार अन्न आहे, ती म्हणाली. त्यात मीठ, साखर, चरबी किती पडते ते आपल्या हातात राहत नाही, आणि या वयात मुळात थोडंच खाल्लं जातं, तर ते थोडं तरी कसदार हवं. डाळी, भाज्या, दही. पोट भरतंय म्हणजे पोषण होतंय असं नाही. यातला एकही शब्द चूक नव्हता. खरं बोलणाऱ्या माणसावर रागावता येत नाही, म्हणून आणखीच राग येतो. "अवघड काही नाही," आनूक म्हणाली, "घरी साधं, ताजं शिजवायचं." हे ती बाबांच्या पायांबद्दल बोलत होती, खुर्चीत बाबा बसले होते, पण हे वाक्य म्हणताना तिने बघितलं ते सुनेत्राकडे. आणि बाबांनीही मान वळवून सुनेत्राकडेच बघितलं. दोघांच्याही नजरेत वाईट काही नव्हतं. दोघांनाही वाटत होतं की प्रश्न सुटला.

परतीच्या बसमध्ये बाबा खिडकीशी बसून बाहेरच्या नव्या इमारती बघत होते आणि सुनेत्रा त्यांच्या सुजलेल्या पायांकडे. बुटांच्या नाड्या सुटलेल्या, जिभा बाहेर आलेल्या. यात आपलाही हात आहे, हे तिला कळत होतं. रागाच्या भरात आपण हात झटकले आणि म्हातारा माणूस महिनाभर मिठाचं पाणी पीत राहिला. आता काय, गजर पुन्हा लवकरचा लावायचा? की ट्रे चालू ठेवायचे आणि या पायांकडे बघत बसायचं? तिसरं काही तिला सुचत नव्हतं, आणि सुचत नव्हतं याचीच तिला चीड येत होती. ताजं शिजवा म्हणे. शिजवा म्हणायला कुणाचं काय जातं. ताजं अन्न काय झाडाला लागतं? त्याच्यामागे कुणीतरी उभं असतं. आई ताजं शिजवत आली म्हणून बाबांचा रक्तदाब इतकी वर्षं ताब्यात राहिला, यांची तब्येत ठणठणीत राहिली, आणि तिचे गुडघे गेले. हे कुठल्या नर्सने कुठे लिहून ठेवलंय? बस वळली तसा बाबांचा खांदा तिच्या खांद्यावर आला. ते हलके झाले होते. हे आपल्याला कळू नये असं तिला वाटत होतं.

घरी आल्यावर बाबांनी कोट काढला, खुर्चीत बसले आणि पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवले. हिमानी शाळेतून आली होती, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला लॅपटॉप उघडून बसली होती. "मग आता तू करशील ना पोळ्या?" बाबा म्हणाले. अगदी सहज, समजुतीच्या सुरात. "फार नको. संध्याकाळी दोनच टाक. दोन पोळ्यांना कितीसा वेळ लागतो." सुनेत्रा ओट्याकडे पाठ करून उभी होती. तिने ओट्याची कड दोन्ही हातांनी धरली.

"बाबा, तुम्हाला पाकिटातलं चालतं."

"चालतं म्हणजे, आवडतं. पण आता ती नर्स नाही म्हणाली ना."

"गार पोळीही चालते. पुण्यात बाईने सकाळी केलेली रात्री खाता."

"खातो की. काय करणार?"

"मग तेव्हा का चालत नव्हतं?"

बाबांनी पाय खुर्चीवरून खाली घेतले. हिमानीने मान वर केली, तिला मराठी सगळं कळतं. "तेव्हा म्हणजे कधी?" बाबा म्हणाले, पण त्यांना समजलं होतं. ते टेबलावरचे कण बोटाने गोळा करत राहिले. सुनेत्राने वाट बघितली. आयुष्यात पहिल्यांदा तिने त्यांना वाक्य सुचवलं नाही, विषय बदलला नाही, पाणी पुढे केलं नाही.

"तेव्हा ती होती ना," बाबा म्हणाले.

एवढंच म्हणाले. पुढे काही असेल म्हणून ती थांबली, पण पुढे काही नव्हतं. त्यांच्या दृष्टीने हे पूर्ण उत्तर होतं. त्यांचा आवाज जरासा कापला होता, डोळेही भरले असावेत, आणि कुणी तिसऱ्याने ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, किती प्रेम होतं बायकोवर. सुनेत्राला त्या क्षणी असं वाटलं की टेबल उलथवून द्यावं. ती होती म्हणून! पाणी नळाला होतं, वीज तारेत होती, ती ओट्याशी होती. असेलही प्रेम. असेना का. त्या प्रेमाने एक दिवस तरी म्हणायचं होतं, आज पाव खाऊ, तू बस.

"उठा," ती म्हणाली.

"काय?"

"उठा. हात धुवा. कणीक भिजवायची आहे."

"मला कुठे येतं ते?"

"मायक्रोवेव्ह तरी कुठे येत होता?"

बाबांनी हिमानीकडे बघितलं. हिमानीने लॅपटॉप मिटला. बाबा उठले. त्यांचे सुजलेले पाय सपातांच्या बाहेर आले होते. सुनेत्राने कपाटाशेजारचं उंच स्टूल पायाने ओट्याशी ढकललं, कारण राग आला म्हणून ते पाय दिसायचे थांबत नव्हते. बाबा त्यावर टेकले. तिने परात दिली, पीठ दिलं, पाण्याचं भांडं दिलं, मीठ चिमटीत धरून दाखवलं, एवढंच, आणि ती मागे सरली. पाणी जास्त झालं. बोटं चिकटली, बाबा दोन्ही हात हवेत धरून बसले. "अजून पीठ," ती म्हणाली. मग पीठ जास्त झालं. अंगात स्वेटर, कपाळावर घाम, आणि ते मळत होते, मुठींनी, कसंतरी, दम लागत होता तरी थांबत नव्हते. तिने मदत केली नाही. तिने टेबलावर ताटं घेतली, काल रात्री हिमानीच्या डब्यासाठी केलेली मुगाची उसळ गरम केली, दही काढलं, आणि खुर्ची ओढून बसली. रोज बाबा बसत त्या खुर्चीवर, जिथून ओटा समोर दिसतो.

पहिली पोळी पोळपाटावरून उचलताना फाटली. दुसरी तव्यावर पडली ती दुमडून, आणि तशीच जळली. छतावरचा धुराचा अलार्म किंचाळायला लागला. हिमानी "ओह माय गॉड, आजोबा!" म्हणत खुर्चीवर चढली आणि टॉवेल फिरवायला लागली. तिसरी जाड, एका अंगाने कच्ची. चौथी कशीबशी गोल झाली, आणि मधे एका जागी, लिंबाएवढी, फुगली. बाबांनी ती उलथन्याने काढली, हातात घेतली, चटका बसला तसे या बोटावरून त्या बोटावर झेलत उतरले स्टुलावरून आणि लंगडत टेबलापर्यंत आले. तिच्या ताटात त्यांनी पोळी टाकली. तिने लगेच तुकडा मोडला. आतून वाफ आली. मीठ कमी होतं, पदर एकही सुटला नव्हता, आणि ती इतकी गरम होती की सुनेत्राच्या डोळ्यांत पाणी आलं. तव्यावरून थेट ताटात आलेली पोळी आपण घरात कधी खाल्ली होती, हे तिला आठवेना. आईला तर ती मिळालीच नव्हती.

"अजून एक टाकू?" बाबांनी विचारलं.

तिला भूक नव्हती. "टाका," ती म्हणाली. "हिमानीलाही."

ते परत स्टुलावर बसले, पुढची लाटायला घेतली. ती त्यांच्या पाठीकडे बघत होती, आणि राग थोडा उतरायला लागला होता, खांद्यांतून, जबड्यातून, हे तिला जाणवत होतं. तेवढ्यात तिचं लक्ष ओट्याच्या कोपऱ्यात गेलं. तिथे एक ताटली होती. फाटलेली पोळी, जळलेली पोळी, अर्धी कच्ची पोळी, एकावर एक नीट रचलेल्या, आणि वर हात पुसायचं फडकं झाकलेलं. ती ताटली तिने दिली नव्हती. फडकं तिने सांगितलं नव्हतं.

"त्या कशाला ठेवल्यात, बाबा?"

"त्या मला," बाबा मागे न बघता म्हणाले. "चांगल्या तुम्हाला."

पुण्यातल्या टेबलावरूनही ओटा दिसत होता. पेपराच्या वरून, पेपराच्या बाजूने, कसाही, रोज दिसत होता. आपण इतकी वर्षं ज्यावर त्यांना माफ करत आलो, तेवढंही खरं नव्हतं. ताटली कुठे ठेवायची, कुठल्या पोळ्या तिच्यात जातात, वर फडकं टाकायचं असतं, सगळं त्यांना माहीत होतं. बघून पाठ झालं होतं, आणि पाठ होईपर्यंत बघून ते जेवत राहिले होते. तिने घास पाण्याबरोबर खाली ढकलला. बाबांनी पुढची पोळी हिमानीच्या ताटात आणून टाकली आणि तिथेच थांबले, टेबलाच्या कडेला हात टेकून. चेहरा तव्याच्या आचेने लाल झाला होता. त्यांनी तिसऱ्या, रिकाम्या ताटाकडे बघितलं.

"मी कधी बसू?" त्यांनी विचारलं.

सुनेत्राने आपलं ताट थोडं पुढे ओढलं.

"आमचं झालं की," ती म्हणाली.